फाइल कॉपी रखडतेय? आधी स्पीडचा आकडा बघा, दोष कुठे आहे ते तोच सांगतो

गेल्या महिन्यात रात्री साडेदहाला मावसभावाचा फोन आला. तो लग्नाचं फोटो-व्हिडिओ शूटिंग करतो, आवाजावरूनच कळलं की काहीतरी बिनसलंय. म्हणाला, "दादा, हार्ड डिस्क गेली वाटतं. १८० जीबीचं लग्न आहे, लॅपटॉपवरून कॉपी करायला दीड तास दाखवतंय, आधी अर्ध्या तासात व्हायचं. उद्या नवीन डिस्क घेऊन टाकू का?" मी म्हटलं डिस्क नंतर घे, आधी स्पीड किती दाखवतंय ते सांग. तर म्हणे, "पस्तीसच्या आसपास, वर पण जात नाही आणि खाली पण येत नाही." एवढं ऐकलं आणि मला जवळपास खात्री पटली की डिस्क ठणठणीत आहे. विचारलं, केबल डिस्कबरोबर आलेलीच आहे का रे? "नाही, ती मंडपातच राहिली बहुतेक, जुन्या फोनच्या चार्जरची लावली, बसली की बरोबर."

तिथेच सापडलं. पोर्टेबल हार्ड डिस्कला जो चपटा रुंद सॉकेट असतो ना, मधे खाच असलेला, त्याच्या अर्ध्या भागात जुन्या फोनची मायक्रो यूएसबी पिन अगदी व्यवस्थित बसते आणि डिस्क चालू पण होते, पण ती चालते यूएसबी २ वर, कारण यूएसबी ३ च्या जास्तीच्या तारा दुसऱ्या अर्ध्या भागात असतात आणि तो भाग रिकामाच राहतो. दुसऱ्या दिवशी त्याने दोन-अडीचशे रुपयांची रुंद पिनची केबल आणली, स्पीड सेकंदाला ११० मेगाबाइटवर गेला, तेच लग्न अर्ध्या तासाच्या आत कॉपी झालं. नवीन डिस्कचे चार-पाच हजार वाचले.

हे एवढं सविस्तर सांगायचं कारण म्हणजे कॉपी हळू झाली की लोक लगेच फॉरमॅट मारतात, विंडोज नवीन टाकतात, नाहीतर दुकानात जाऊन नवीन वस्तू घेऊन येतात, पण स्क्रीनवर जो आकडा दिसतोय तो कोणी नीट बघतच नाही. डेटा एका डिस्कवरून निघतो, मधल्या रस्त्याने जातो आणि दुसऱ्या डिस्कवर उतरतो, आणि या तिघांत जो सगळ्यात हळू असेल त्याच्याच चालीने सगळी कॉपी चालते. प्रत्येकाची चाल ठरलेली असते म्हणून आकडा बघितला की अडलंय कुठे ते बऱ्याच वेळा बसल्या जागी कळतं.

आकडा कुठे बघायचा

विंडोजमधे कॉपी चालू असताना जी छोटी खिडकी येते तिच्यात खाली मोअर डिटेल्स असं असतं, ते दाबा, हिरवा ग्राफ दिसेल. तो ग्राफ विंडोज ८ पासून आहे तरी वर्षानुवर्षं तो न उघडलेली माणसं मी बघितलीत. एक-दोन मिनिटं त्याच्याकडे नीट बघत बसा. सुरुवातीचे काही सेकंद सोडून द्या, कारण तेव्हा विंडोज डेटा रॅममधे घेत असतो आणि आकडा उगाच मोठा दिसतो. नंतर तो कुठे स्थिर होतोय, सरळ रेष आहे, उतरत जातोय का झोके घेतोय, हे बघायचं. "किती वेळ लागेल" हा जो अंदाज दाखवतात त्याच्यावर मात्र जाऊ नका, तो कधी २ मिनिटं सांगेल कधी २ तास.

आणि एक गोष्ट आधीच डोक्यात बसवून घ्या, कॉपीच्या खिडकीतला आकडा मेगाबाइटमधे असतो आणि नेटचा, केबलचा, राउटरचा आकडा मेगाबिटमधे असतो. ८ बिटचा १ बाइट. म्हणजे १०० मेगाबिटचं कनेक्शन असेल तर जास्तीत जास्त १२.५ मेगाबाइट, आणि हातात पडतात साधारण ११. याच्यात गल्लत होऊन "१०० चा घेतला आणि ११ च मिळतोय, फसवलं" असं म्हणणारे मला दर दोन महिन्यांनी एक तरी भेटतात. इथून पुढे मी जे एमबी म्हणेन ते सेकंदाला मेगाबाइट समजा.

३० ते ४० वर सरळ रेष

हा सगळ्यात जास्त दिसणारा प्रकार, आणि उत्तर जवळपास नेहमी एकच, कुठेतरी यूएसबी २ घुसलंय. यूएसबी २ सन २००० मधे आलं, कागदावर ४८० मेगाबिट म्हणजे ६० एमबी, पण प्रत्यक्षात ३५-४० च्या वर क्वचितच जातं. यूएसबी ३ आलं २००८ मधे, ५ गिगाबिट, चांगली एसएसडी (फिरती तबकडी नसलेली, चिपवर साठवणारी डिस्क) लावली तर ४०० एमबीच्या आसपास सहज मिळतात. आता डिस्क, केबल आणि पोर्ट तिन्ही यूएसबी ३ पाहिजेत, एक जरी जुनं असलं तरी सगळी गाडी यूएसबी २ वर येते आणि विंडोज बऱ्याचदा काही बोलत पण नाही.

तर तपासायचं असं. पोर्टच्या आत निळं प्लॅस्टिक किंवा बाजूला एसएस असं चिन्ह आहे का बघा (रंग हा काही कायदा नाही, काही लॅपटॉपला काळे पोर्ट असूनही ते ३ असतात, चिन्हावर जास्त भरवसा ठेवा). डेस्कटॉप असेल तर पुढच्या पोर्टचा नाद सोडा आणि मागे, थेट मदरबोर्डवर असलेल्या पोर्टला लावून बघा, कारण पुढचे पोर्ट कॅबिनेटच्या आतल्या एका वायरने जोडलेले असतात आणि असेंबल करणाऱ्याने ती नीट बसवलेली नसली की गोंधळ होतो. मधे स्वस्तातला हब (एका पोर्टचे अनेक करणारा डबा) असेल तर तो काढा. आणि पिन घालताना पटकन आणि पूर्ण आत घाला. ऐकायला कसंतरी वाटेल पण याला कारण आहे, यूएसबी ३ च्या पिनमधे जुने चार संपर्क पुढे असतात आणि नवे पाच मागे, हळूहळू घातली की कधी कधी पुढचे चार आधी टेकतात आणि कॉम्प्युटर ठरवून टाकतो की हे यूएसबी २ चं उपकरण आहे. काढून परत झटक्यात लावली की स्पीड वाढतो, मी स्वतः तीन-चार वेळा बघितलंय.

टाइप-सी च्या बाबतीत तर फारच फसायला होतं. टाइप-सी हा फक्त पिनचा आकार आहे, स्पीड नाही! फोनबरोबर येणारी चार्जिंगची टाइप-सी केबल बहुतेक वेळा आतून यूएसबी २ चीच असते, चार्जिंगसाठी तेवढंच लागतं म्हणून. दहा हजाराची पोर्टेबल एसएसडी घेऊन तिला फोनची केबल लावली की परत तेच ३५-४०. आयफोन १५ ला टाइप-सी आलं म्हणून लोक खूश झाले पण साध्या १५ चं पोर्ट यूएसबी २ च्याच स्पीडचं आहे, आणि १५ प्रो चं पोर्ट वेगवान असलं तरी बॉक्समधली केबल यूएसबी २ ची, वेगळी घ्यावी लागते. म्हणून एसएसडीबरोबर आलेली आखूड केबल जिवापाड जपा, तिला रंगीत चिकटपट्टी लावून ठेवा म्हणजे घरातलं कोणी फोनला लावायला घेऊन जाणार नाही.

खात्री करायची असेल तर यूएसबी ट्री व्ह्यू नावाचा एक फुकट प्रोग्रॅम आहे, इन्स्टॉल पण करावा लागत नाही, तो प्रत्येक उपकरण कुठल्या स्पीडवर जोडलंय ते दाखवतो. हाय-स्पीड लिहिलं असेल तर ते यूएसबी २, सुपर-स्पीड असेल तर ३. नावं उलटसुलट वाटतात पण तशीच आहेत.

सुरुवातीला जोरात आणि मग धपकन खाली

हा दुसरा प्रकार, पहिले काही जीबी ३००-४०० ने जातात आणि मग एकदम २०, ८०, जे काय असेल ते. इथे लिहिणाऱ्या डिस्ककडे बघायचं.

स्वस्त पेनड्राइव्ह असेल तर त्याची खरी लिहायची ताकद १०-१५ एमबीच असते, कधी त्याहून कमी, आणि बॉक्सवर जो मोठा आकडा छापलेला असतो तो वाचायचा स्पीड असतो. सुरुवातीचा वेग रॅमच्या जोरावर दिसलेला असतो. याला सेटिंगमधे इलाज नाही. ३० जीबीचं काम पेनड्राइव्हवर वारंवार करायचं असेल तर छोटी एसएसडीच घ्या.

एसएसडीचं पण असंच काहीसं असतं, फक्त आकडे मोठे. आजच्या बहुतेक एसएसडीत एका सेलमधे (डेटा साठवायच्या चिमुकल्या कप्प्यात) ३ नाहीतर ४ बिट साठवतात, असं लिहायला वेळ लागतो म्हणून कंपन्या काही भाग एका सेलमधे एकच बिट अशा पद्धतीने झटपट लिहायला वापरतात, तो झाला कॅश. तो भरला की खरा चेहरा दिसतो. ४ बिटवाली म्हणजे क्यूएलसी एसएसडी असेल तर कॅश संपल्यावर ती साध्या हार्ड डिस्कच्या पातळीला किंवा त्याच्याही खाली येऊ शकते, आणि डिस्क जितकी भरलेली तितका हा कॅश लहान. म्हणून ड्राइव्ह काठोकाठ भरू नका, १५-२० टक्के जागा मोकळी ठेवा, आणि मोठी कॉपी असेल तर दोन-तीन टप्प्यांत करा, मधे दहा-पंधरा मिनिटं तिला निवांत सोडा म्हणजे ती आतल्या आत डेटा लावून घेते आणि कॅश मोकळा होतो. शिवाय एनव्हीएमई या जास्त वेगवान जातीच्या एसएसडी तापतात, फार गरम झाल्या की स्वतःला वाचवायला स्पीड कमी करतात. आमच्याकडे विदर्भात मे महिन्यात पारा ४५ ला टेकतो, अशा वेळी छोट्या बंद डबीत बसवलेली एसएसडी हाताला चटका देते, तिला गादीवर ठेवून कॉपी लावू नका, फरशीवर नाहीतर फॅनखाली ठेवा. ग्राफ खाली गेला, हात लावून बघितलं तर गरम, थंड झाल्यावर परत वर, असं झालं की समजायचं उष्णतेचंच काम आहे.

आणि पोर्टेबल हार्ड डिस्कमधे एसएमआर नावाचा प्रकार असतो. यात जास्त डेटा बसावा म्हणून ट्रॅक कोकणातल्या घराच्या कौलांसारखे एकावर एक थोडे चढवलेले असतात. मधलं एक कौल बदलायचं तर शेजारच्या ओळी उचलून परत लावाव्या लागतात, तसंच इथे, जुन्या फाइल पुसून त्या जागी नवीन लिहायला गेलं की डिस्कला आजूबाजूचं सगळं परत लिहावं लागतं आणि स्पीड ११० वरून १०-२० वर येऊन झोके घेतो. कोरी असताना हीच डिस्क छान पळायची म्हणून लोकांना वाटतं खराब झाली. खराब नाही, तिची रचनाच तशी आहे. बॅकअप एकदा टाकून ठेवायला ती उत्तम, पण रोज त्याच्यावर एडिटिंग करणं, पुसणं, परत टाकणं असलं काम तिला देऊ नका.

हळूहळू उतरत जाणारी रेष मात्र वेगळी. साध्या हार्ड डिस्कमधे तबकडीच्या बाहेरच्या कडेला स्पीड जास्त आणि आतल्या बाजूला जवळपास निम्मा, आणि भरायला सुरुवात बाहेरून होते. त्यामुळे कोरी असताना १२० देणारी डिस्क भरत आल्यावर ६० देत असेल तर घाबरायचं काही कारण नाही.

केबीमधे दाखवतंय, किंवा १-२ एमबी

आधी बघा किती फाइल आहेत. एक ५ जीबीचा व्हिडिओ आणि ५ जीबीच्या ५० हजार छोट्या फाइल ही दोन अगदी वेगळी कामं आहेत. प्रत्येक फाइलसाठी विंडोजला नाव नोंदवायचं, जागा शोधायची, लिहायचं, तारीख टाकायची, आणि अँटिव्हायरस ती उघडून बघणार, हे सगळं ५० हजार वेळा. पोतंभर ज्वारी उचलून नेणं वेगळं आणि तीच ज्वारी दाणा दाणा मोजून नेणं वेगळं. व्हॉट्सअ‍ॅपचा मीडिया फोल्डर, प्रोग्रॅमिंग करणाऱ्यांचे नोड मॉड्युल्स, जुन्या ईमेलचे फोल्डर, हे सगळे याच जातीचे.

याच्यावर मला सगळ्यात उपयोगी पडलेला उपाय म्हणजे ७-झिप, सगळ्या फाइल एकाच मोठ्या फाइलीत बांधणारा प्रोग्रॅम. फुकट आहे. फोल्डरवर राइट क्लिक करून अ‍ॅड टू आर्काइव्ह घ्या, कॉम्प्रेशन लेव्हलला स्टोअर निवडा म्हणजे ते दाबादाबी करत बसणार नाही (फोटो-व्हिडिओ आधीच दाबलेले असतात, अजून दाबून काही मिळत नाही नुसता वेळ जातो), आणि नावाच्या जागी थेट बाहेरच्या डिस्कचा पत्ता द्या. म्हणजे झिप आधी इथे बनवून मग कॉपी अशी दोन कामं होत नाहीत, एकच मोठी फाइल थेट तिकडे लिहिली जाते. बॅकअपसाठी तर तशीच झिप राहू द्यायची, उघडायची गरजच नाही.

दुसरा उपाय रोबोकॉपी, हा विंडोज व्हिस्टापासून विंडोजमधेच येतो, कमांड प्रॉम्प्टमधे चालवायचा. रोबोकॉपी, मग जिथून घ्यायचं तो फोल्डर, मग जिथे टाकायचं तो, मग स्लॅश ई म्हणजे आतले सगळे फोल्डर, आणि स्लॅश एमटी कोलन १६ म्हणजे एका वेळी १६ फाइल. एसएसडी ते एसएसडी किंवा नेटवर्कवरून असेल तर फरक चांगला जाणवतो. पण हार्ड डिस्कवर एमटीचा आकडा वाढवू नका, तिथे वाचायचं हेड एकच असतं, त्याला १६ ठिकाणी पळवलं की उलट अजून हळू होतं. आणि स्लॅश एमआयआर असलेली कमांड कुठून बघून जशीच्या तशी चालवू नका, ती दोन्ही फोल्डर हुबेहूब करायच्या नादात तिकडच्या जास्तीच्या फाइल पुसून टाकते, विचारत पण नाही.

अँटिव्हायरसचं म्हणाल तर कॉपी चालू असताना कंट्रोल शिफ्ट एस्केप दाबून टास्क मॅनेजर उघडा. अँटीमालवेअर सर्व्हिस एक्झिक्युटेबल नावाचं काहीतरी सीपीयू खात बसलं असेल तर तो विंडोजचाच डिफेंडर आहे. तुमच्याच एका डिस्कवरून दुसऱ्या डिस्कवर तुमचेच फोटो टाकताय तर सेटिंगमधे एक्सक्लूजनमधे तो फोल्डर तात्पुरता टाका आणि काम झाल्यावर काढा. दुसऱ्याच्या पेनड्राइव्हमधून किंवा झेरॉक्सच्या दुकानातून आणलेल्या पेनड्राइव्हमधून काही घेत असाल तर अजिबात करू नका, तिथे हळू चाललं तरी चालेल.

त्याच टास्क मॅनेजरमधे परफॉर्मन्स टॅबवर प्रत्येक डिस्क वेगळी दिसते. कॉपी चालू असताना कुठल्या डिस्कचा अ‍ॅक्टिव्ह टाइम १०० टक्के आहे बघा. सोर्सची, म्हणजे जिथून घेताय ती डिस्क १०० वर आणि दुसरी निवांत असेल तर दोष सोर्सकडे, म्हणजे ती डिस्क नाहीतर तिची केबल-पोर्ट, उलटं असेल तर उलटा. दोन्ही निवांत असून स्पीड कमी असेल तर दोष मधे कुठेतरी, बहुतेक अँटिव्हायरस. ही एक तपासणी केली तरी अर्धं काम होतं. सी ड्राइव्हवरून डी ड्राइव्हवर कॉपी हळू होतेय असं म्हणणाऱ्यांना इथे कळतं की सी आणि डी या एकाच हार्ड डिस्कच्या दोन खोल्या आहेत, हेडला इथून वाच तिथे लिही अशा येरझाऱ्या घालाव्या लागतात, मग निम्मा काय त्याहून कमी स्पीड मिळणारच.

अजून एक छुपा प्रकार, वनड्राइव्ह. नवीन लॅपटॉपमधे डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स बऱ्याचदा आपोआप वनड्राइव्हमधे गेलेले असतात आणि फाइलच्या शेजारी छोटा ढग दिसतो. ढग म्हणजे फाइल तुमच्या डिस्कवर नाहीच आहे, कॉपी करताना ती आधी नेटवरून उतरते. अशा वेळी कॉपीचा स्पीड म्हणजे तुमच्या नेटचा स्पीड. फोल्डरवर राइट क्लिक करून ऑलवेज कीप ऑन धिस डिव्हाइस करा, रात्रभर उतरू द्या, मग कॉपी करा.

फोनवरून घेताना

अँड्रॉइड फोन केबलने लावला की तो एमटीपी नावाच्या पद्धतीने बोलतो, ती मुळातच संथ आहे, एका वेळी एकच काम करते आणि कॅमेरा फोल्डरमधे दहा हजार फोटो असतील तर यादी दाखवतानाच हिरवी पट्टी सरकत राहते. फोल्डर उघडून फोटो निवडत बसू नका, बाहेरूनच पूर्ण फोल्डर कॉपी करा. फोनमधे मेमरी कार्ड असेल तर कार्ड काढून यूएसबी ३ च्या कार्ड रीडरमधे घाला, हा सगळ्यात सोपा मार्ग. नाहीतर फोन आणि कॉम्प्युटर दोन्ही ५ गिगाहर्ट्झच्या वायफायवर ठेवून क्विक शेअर किंवा लोकलसेंड वापरा, कित्येक वेळा ते केबलपेक्षा पटकन होतं.

आयफोनवाल्यांसाठी एकच सेटिंग. फोटोजच्या सेटिंगमधे अगदी खाली ट्रान्सफर टू मॅक ऑर पीसी असं आहे, तिथे ऑटोमॅटिक असतं, ते कीप ओरिजिनल्स करा. ऑटोमॅटिकमधे फोन प्रत्येक फोटो पाठवताना जेपेगमधे बदलत बसतो, त्यात वेळ जातो आणि कधी कधी मधेच एरर येऊन कॉपी तुटते.

नेटवर्कवरून, एका कॉम्प्युटरवरून दुसऱ्यावर

इथे आकडे अगदी बोलके आहेत. ११ वर सरळ रेष म्हणजे १०० मेगाबिटचं कनेक्शन. ११० च्या आसपास म्हणजे गिगाबिट, ते ठीक आहे. ३ ते ६ असेल तर बहुधा २.४ गिगाहर्ट्झचं वायफाय.

गिगाबिट कार्ड असून ११ मिळत असतील तर पहिला संशय केबलवर. लॅन केबलमधे आठ तारा असतात, १०० मेगाबिटला चारच लागतात, गिगाबिटला आठही. दारात चेपून किंवा उंदराने कुरतडून एक तार जरी तुटली तरी कनेक्शन बंद न पडता गुपचूप १०० वर येतं. केबल बदलून बघा, कॅट ५ई किंवा कॅट ६ लिहिलेली घ्या. तरी फरक नाही पडला तर राउटरचे पोर्ट बघा, नेट कनेक्शनबरोबर मिळणारे बरेच राउटर १०० मेगाबिटच्याच पोर्टचे असतात. अशा वेळी दोन्ही कॉम्प्युटर थेट एका केबलने जोडले तरी चालतात, राउटर मधे लागत नाही.

दोन्ही लॅपटॉप वायफायवर असतील तर प्रत्येक गोष्ट हवेतून दोनदा जाते, एकदा राउटरकडे आणि एकदा राउटरकडून, म्हणून निम्मा स्पीड. एकाला तरी वायर लावा. आणि घरातल्या घरात कॉपीसाठी नेटचा प्लॅन वाढवून काहीही होत नाही, तो डेटा घराबाहेर जातच नाही.

शून्यावर जातंय, थांबतंय, परत चालतंय

हे वाचताना जरा सावध व्हा. ग्राफ शून्यावर, खिडकी अडकलेली, माय कॉम्प्युटर उघडत नाही, आणि हार्ड डिस्कमधून कट् कट् आवाज, असं होत असेल तर स्पीड हा विषय सोडून द्या, आता डेटा वाचवायचा विषय आहे. क्रिस्टल डिस्क इन्फो नावाचा फुकट प्रोग्रॅम घ्या, त्यात निळ्या रंगात गुड असेल तर बरं, पिवळ्यात कॉशन किंवा लाल असेल तर खाली ०५, सी५, सी६ या ओळींचे आकडे शून्य नसणार, म्हणजे डिस्कचे काही भाग वाचले जात नाहीयेत. सी७ ची ओळ वेगळी, ती वाढत असेल तर दोष बहुतेक वेळा डिस्कचा नसून तिला मदरबोर्डला जोडणाऱ्या साटा केबलचा असतो, केबल बदलली की वाढायची थांबते (जुना आकडा पुसला जात नाही, फक्त वाढतोय का ते बघायचं).

पिवळं-लाल दिसलं की चेक डिस्क चालवू नका, डीफ्रॅग (फाइलींचे विखुरलेले तुकडे एकत्र लावणं) तर मुळीच नाही, दोन्ही मरणाऱ्या डिस्कला अजून राबवतात. सगळ्यात महत्त्वाचं आधी घ्या, लेकरांचे फोटो, हिशोब, कागदपत्रं, सिनेमे सगळ्यात शेवटी. इथे रोबोकॉपी खरंच कामाला येतो पण त्याला स्लॅश आर कोलन १ आणि स्लॅश डब्ल्यू कोलन १ जोडायचं विसरू नका, म्हणजे न वाचता येणाऱ्या फाइलवर एकदा परत प्रयत्न करून तो पुढे जातो. हे नाही दिलं तर तो प्रत्येक अडलेल्या फाइलवर १० लाख वेळा प्रयत्न करतो, दर वेळी ३० सेकंद थांबून, मूळ सेटिंगच तसं आहे, आणि तोवर डिस्क जाते. डेटा फार मोलाचा असेल आणि दुसरी प्रत कुठेच नसेल तर डिस्क बंद करून रिकव्हरीवाल्याकडे द्या, घरी प्रयोग करू नका.

नवा पेनड्राइव्ह असं वागत असेल आणि तो १ टीबीचा काही शे रुपयांत मिळाला असेल, तर तो बहुधा खोट्या क्षमतेचा आहे, आतमधे १६ नाहीतर ३२ जीबीच असतात आणि पुढचा डेटा नुसता लिहिल्यासारखा दाखवतो. एच टू टेस्ट डब्ल्यू नावाचा प्रोग्रॅम पूर्ण पेनड्राइव्ह भरून परत वाचून खरं काय ते सांगतो. परत करायची मुदत संपायच्या आत ही तपासणी करून टाका.

एक सेटिंग, आणि काही नुसत्या अफवा

विंडोज १० च्या १८०९ या आवृत्तीपासून बाहेरच्या डिस्कला क्विक रिमूव्हल हे सेटिंग मुळातच असतं, त्यात पटकन काढली तरी सहसा बिघडत नाही पण लिहायला थोडं हळू. डिव्हाइस मॅनेजरमधे डिस्क ड्राइव्हज, तुमची डिस्क, प्रॉपर्टीज, पॉलिसीज, तिथे बेटर परफॉर्मन्स आणि खालचं राइट कॅशिंग चालू करता येतं. छोट्या फाइलींना फरक पडतो. पण मग दर वेळी सेफली रिमूव्ह करूनच काढायची, आणि डेस्कटॉपला यूपीएस नसेल तर हे करूच नका. आमच्या भागात आठवड्यातून एक दिवस दुपारी लाइट जातेच, न सांगता जाते ती वेगळी, आणि लिहायच्या राहिलेल्या फाइल त्याबरोबर जातात.

बाकी रजिस्ट्री क्लीनर, रॅम बूस्टर यांनी कॉपीचा स्पीड वाढत नाही. विंडोजमधलं रिमोट डिफरन्शियल कॉम्प्रेशन बंद करा असा सल्ला पण खूप फिरतो, साध्या कॉपीचा त्याच्याशी संबंध नाही. एसएसडीला डीफ्रॅग करायचं नसतं. आणि फाइल ४ जीबीच्या वर असेल आणि पेनड्राइव्ह घेतच नसेल तर तो फॅट३२ या जुन्या पद्धतीने फॉरमॅट केलेला आहे, त्यातला डेटा दुसरीकडे काढून एक्सफॅटमधे फॉरमॅट करा, फक्त गाडीतला जुना म्युझिक सिस्टीम किंवा जुना टीव्ही एक्सफॅट वाचेल असं नाही, त्यांच्यासाठी वेगळा छोटा पेनड्राइव्ह ठेवा.

तपासताना एका वेळी एकच गोष्ट बदला आणि दर वेळी तीच फाइल वापरा, ५-१० जीबीचा एखादा व्हिडिओ. केबल पण बदलली, पोर्ट पण बदलला, अँटिव्हायरस पण बंद केला आणि स्पीड वाढला, तर कशामुळे ते कळणार नाही आणि पुढच्या महिन्यात परत तिथेच.

मावसभावाला मी त्या दिवशी अजून एक सांगितलं. कॉपी झाली म्हणून लगेच कॅमेऱ्याचं कार्ड फॉरमॅट मारायचं नाही. दोन्हीकडच्या फोल्डरवर प्रॉपर्टीज उघडून फाइलींची संख्या आणि एकूण बाइटचा आकडा शेवटच्या अंकापर्यंत जुळतो का बघायचा, मग डिस्क काढून परत लावायची, आणि तिच्यावरून सप्तपदीचा, वरातीचा आणि अगदी शेवटचा पाठवणीचा असे तीन-चार व्हिडिओ मधे मधे पुढे सरकवून चालवून बघायचे. त्याला दहा मिनिटं लागतात. आता तो कार्ड पाकिटात घालून वर नवरा-नवरीचं नाव लिहून ठेवतो आणि दुसरी प्रत दुसऱ्या डिस्कवर गेल्याशिवाय ते पाकीट उघडत नाही.